गाडी न बदलता थेट बाजारपेठेत : कार्ल्सरूहेच्या ट्रामची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "कार्ल्सरूहेची वाहतूक व्यवस्था" असा भारदस्त विषय छापलाय, आणि त्याच्या खालच्याच ओळीत "महाप्रसाद". म्हणजे तुमच्या आणि मसालेभाताच्या मध्ये सध्या मी एकटाच उभा आहे. तेव्हा वेळेवर संपवायची जबाबदारी माझी. फक्त 'वेळेवर' या शब्दाचा अर्थ जर्मन रेल्वेचा घेऊ नका. त्यांच्याकडे सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत, आणि एवढी सवलत घेऊनही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. आपल्या मनातली जर्मनी आणि प्लॅटफॉर्मवर उभं राहून अनुभवलेली जर्मनी यांत हे असं अंतर आहे.

मी रेल्वेतला माणूस नव्हे. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअर कन्सल्टिंगचा. माझं निम्मं काम एकाच प्रकारचं असतं: एका कंपनीत दोन सिस्टिम असतात, दोन वेगवेगळ्या काळात दोन वेगवेगळ्या लोकांनी बांधलेल्या, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. मग मधे एक बिचारी क्लार्कबाई बसवलेली असते. एका स्क्रीनवरचे आकडे वाचायचे आणि दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करायचे! दोन यंत्रांमधला सांधा माणसाच्या बोटांनी जोडलेला. कार्ल्सरूहेची ट्राम मला आवडते ती याच कारणासाठी. या शहरानं तो सांधा माणसाच्या अंगावरून काढून यंत्राच्या पोटात घातला. त्याचे फायदे काय झाले आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, दोन्ही सांगतो.

आधी थोडा भूगोल. कार्ल्सरूहे हे तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी रानात आखलेलं शहर. १७१५ साली बाडनच्या कार्ल विल्हेल्म या राजानं मधोमध राजवाडा ठेवला आणि त्यातून ३२ रस्ते किरणांसारखे बाहेर काढले. त्यातले दक्षिणेकडचे रस्ते म्हणजे आजचं जुनं गाव. नकाशात बघितलं तर जपानी पंखा उघडल्यासारखं दिसतं. या पंख्याला आडवी छेदणारी रस्त्यांची राणी म्हणजे कायझरश्ट्रासे. आपल्या भाषेत लक्ष्मी रोड. दुकानं, ऑफिसं, युनिव्हर्सिटी, सगळं तिच्या आजूबाजूला.

रेल्वे १८४३ साली आली आणि स्टेशन गावाला लागून होतं. पण गाव वाढलं, रुळांनी रस्ते अडवले, फाटकं पडायला लागली, म्हणून १९१३ साली स्टेशन उचलून दक्षिणेला नेलं. नवी इमारत देखणी, पण बाजारपेठेपासून सुमारे दोन किलोमीटर लांब. आता दोन किलोमीटर म्हणजे काय मोठंसं? असं ज्याला वाटतं त्यानं जानेवारीत, पावसात, एका हातात बाबागाडी आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन गाडी बदलून दाखवावी. दोन किलोमीटरांचा प्रश्न नसतोच. एक गाडी उशिरा येते, दुसरी डोळ्यांदेखत निघून जाते, पुढची वीस मिनिटांनी. एस. टी. तून उतरून सिटी बसच्या मागे धावलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. खेड्यांतून शहरात कामाला येणारी माणसं या एका बदलापायी कंटाळली आणि त्यांनी मोटारी घेतल्या. रेल्वेचे डबे रिकामे, रस्ते तुंबलेले.

ट्राम रस्त्यावरून धावते, रेल्वे स्वतःच्या मार्गावरून. मग ट्रामच सरळ रेल्वेच्या रुळांवर का नेऊ नये? कल्पना इतकी सोपी की कुणाही शाळकरी पोराला सुचेल. पण ती प्रत्यक्षात आली २५ सप्टेंबर १९९२ ला. मधली वर्षं नुसत्या अडचणी सोडवण्यात गेली आणि त्या अडचणी मोठ्या मजेदार आहेत.

पहिली अडचण नशिबानं आधीच सुटली होती: रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज. यातही गंमत आहे बरं का. बाडनच्या राज्यानं १८४० साली आपली पहिली रेल्वे १६०० मिलिमीटरच्या रुंद गेजवर बांधली. शेजारची सगळी राज्यं १४३५ वर. सीमेवर आलं की सगळा माल उतरवा, पुन्हा चढवा! शेवटी १८५४-५५ मध्ये बाडननं निमूटपणे आपले सगळे रूळ उखडून जवळ आणले. त्या वेळी खर्चाच्या नावानं किती बोंब झाली असेल! पण तो खर्च झाला म्हणूनच सव्वाशेहून जास्त वर्षांनी १४३५ ची ट्राम १४३५ च्या रेल्वेवर चढू शकली. दक्षिणेला एटलिंगनमार्गे बाट हेरेनआल्पला जाणारी छोटी गाडी तर मीटरगेज होती. १९५७ साली शहरानं स्वतःची कंपनी काढून ती ताब्यात घेतली, रूळ रुंद केले आणि शहराच्या ट्रामला जोडून टाकली. म्हणजे १९९२ चा चमत्कार काही एका रात्रीत आकाशातून पडलेला नाही.

दुसरी अडचण विजेची. ट्राम ७५० व्होल्ट डीसीवर चालते. जर्मन रेल्वे १५,००० व्होल्ट एसीवर, आणि तीही ५० हर्ट्झची नाही, १६.७ ची. वीसपट व्होल्टेज आणि जातही वेगळी. उपाय काय, तर गाडीच्या पोटातच ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर घालायचे. दोन हद्दींच्या मधे तारेचा एक छोटा तुकडा मृत ठेवलेला असतो. गाडी तिथून नुसत्या वेगाच्या जोरावर घरंगळत जाते. पलीकडे पोचल्यावर तिचं यंत्रच ओळखतं, आता माथ्यावर कुठली वीज आहे, आणि स्वतःला बदलून घेतं. आपल्यातल्या मुंबईकरांना हे नवीन नाही. तिथल्या लोकल डीसीवरून एसीवर नेत होते त्या वर्षांत मधल्या पट्ट्यात डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जायचे आणि घामेजलेली सगळी मंडळी एकदम वर बघायची. तेच इथे. फक्त इथे वर कुणी बघत नाही, सगळे मोबाइलमध्ये.

बाकीच्या अडचणी झटपट सांगतो. ट्रामचं चाक आणि रेल्वेचं चाक वेगळ्या घडणीचं, कारण सांध्यांमधल्या फटी वेगळ्या. म्हणून दोन्हीकडे चालेल असं मधलं चाक घडवलं. ट्रामचा सांगाडा रेल्वेच्या डब्याइतका दणकट नसतो; त्याची भरपाई ट्रामच्या कडक ब्रेकनी केली. सगळ्यात अवघड गोष्ट मात्र लोखंडाची नव्हती, कागदाची होती. जर्मनीत रेल्वेची नियमावली वेगळी आणि ट्रामची वेगळी. आता एकच गाडी, एकच ड्रायव्हर, एकाच फेरीत दोन कायद्यांच्या हद्दीतून जाणार. रस्त्यावर तिला ७५ मीटरपेक्षा लांब व्हायला बंदी आणि मोटारीसारखे इंडिकेटर सक्तीचे. तिथून बाहेर पडली की तिच्या मागेपुढे मालगाड्या. दोन्हीकडच्या साहेबांना एका टेबलावर बसवून हे मान्य करून घेणं हे खरं इंजिनिअरिंग. त्याचं श्रेय इथल्या वाहतूक कंपन्यांचे तेव्हाचे प्रमुख डीटर लुडविग यांना देतात. तांत्रिक प्रश्न सुटतात हो, 'हे माझ्या अखत्यारीत येत नाही' म्हणणारा माणूस सुटत नाही, हा माझाही धंद्यातला अनुभव.

तर १९९२ ला ब्रेटनची गाडी सुरू झाली. ब्रेटनहून बसायचं आणि न उठता थेट कायझरश्ट्रासेवर उतरायचं. काही आठवड्यांतच प्रवासी चौपटीच्या घरात गेले. हे सगळं फक्त गाडी न बदलण्यामुळे झालं असं मात्र नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच वेळी फेऱ्या वाढवल्या, आणि वाटेत घरांच्या जवळ नवे थांबे दिले. पुढे बाडन-बाडन, ऱ्हाइनपलीकडचं व्योर्थ, १९९९ ला हाइलब्रॉन, मग मुर्गच्या खोऱ्यातून थेट ब्लॅक फॉरेस्टमधलं फ्रॉइडनश्टाट. काही गाड्यांत टॉयलेट बसवलं, एके काळी तर थोड्या गाड्यांत छोटं कॉफीचं दुकानही होतं. ट्राममध्ये! जगभरचे इंजिनिअर बघायला येऊ लागले. जारब्रुकन, कासेल, फ्रान्समधलं म्युलूज यांनी आपापल्या परीनं तेच केलं. इंग्लंडमध्ये शेफील्डनं २०१८ साली रॉदरहॅमपर्यंत केलं. पण तिथे दीड कोटी पौंडांचं काम साडेसात कोटींवर गेलं. नकल करायलाही अक्कल लागते ती अशी.

आता हे सगळं आपल्यासाठी का महत्त्वाचं, ते सांगतो. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आयटीतले. वाल्डॉर्फ, कार्ल्सरूहे, हाइलब्रॉन असे आपले पट्टे. घर शोधताना नवरा विचारतो, हायवे किती लांब? पण दिवसभर त्या घरात कोण राहणार? भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा, दोन्ही नव्यानं. आमच्या घरी माझ्या बायकोचं जर्मन लायसन्स व्हायला दीड वर्ष गेलं. ते दीड वर्ष ती जर्मन क्लासला, डॉक्टरकडे, मैत्रिणीकडे स्वतःच्या मर्जीनं जाऊ शकली, कारण घरापासून सात मिनिटांवर पिवळी-लाल ट्राम होती. आमच्याच ओळखीतलं दुसरं एक कुटुंब स्वस्त भाड्यासाठी डोंगरातल्या एका गावात गेलं. तिथे संध्याकाळी सातनंतर बस नाही, रविवारी तर विचारूच नका. घर सुंदर, बाग मोठी, आणि त्या घरातली बाई आठवडाभर नवऱ्याच्या गाडीची वाट बघत खिडकीत. दोन भाड्यांमध्ये महिना दोनशे युरोंचा फरक असेल. माझ्या मते ते दोनशे युरो घराचे नाहीत, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या स्वातंत्र्याचे आहेत. आईवडील तीन महिन्यांसाठी येतात तेव्हाही हाच हिशेब. एकदा थांबा दाखवून दिला की माझे बाबा एकटे राजवाड्याच्या बागेत जाऊन येतात आणि आल्यावर मलाच शॉर्टकट सांगतात.

तिकिटाचंही सांगून ठेवतो. सगळ्या जर्मनीत लोकल प्रवासाला चालणारं डॉइचलांडटिकेट मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. एकेक महिन्यानं बंद करता येतं, पण रद्द करायचं ते आदल्या... चुकलो, त्याच महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावं लागतं. पाहुणे गेले आणि तिकीट चालूच राहिलं, असं होऊ देऊ नका.

आता किंमत. आमच्या धंद्यात म्हणतात, दोन सिस्टिम घट्ट जोडल्या की एकीचं दुखणं दुसरीला लागतं. मुर्गच्या खोऱ्यातला मार्ग बराचसा एकेरी आहे. तिकडे समोरून येणारी गाडी रखडली की आपली थांबते, आणि तो उशीर घेऊन ती शहराच्या मध्यात शिरते. म्हणजे डोंगरातल्या अडचणीपायी बाजारपेठेतली ट्राम लेट. पूर्वी हा उशीर स्टेशनवरच संपायचा, कारण पुढची ट्राम वेगळी होती! प्रवाशाला बदल नको म्हणून आपण तो मधला बंधारा काढून टाकला.

दुसरी किंमत यशाचीच. सगळ्या दिशांच्या गाड्या एकाच कायझरश्ट्रासेवर. गर्दीच्या वेळी एकामागे एक अशी रांग लागायची की रस्ता ओलांडता येत नसे. लोक तिला 'पिवळी भिंत' म्हणायचे. मग ट्राम जमिनीखाली न्यायचा प्रस्ताव आला. १९९६ च्या जनमतात नागरिकांनी तो दोन तृतीयांश मतांनी धुडकावला. २००२ साली दुसरी योजना आली: ट्रामला बोगदा आणि शेजारच्या क्रीग्सश्ट्रासेवरच्या मोटारींनाही बोगदा. या वेळी सुमारे ५५ टक्के लोक हो म्हणाले. २०१० ला खोदायला सुरुवात झाली, १२ डिसेंबर २०२१ ला जमिनीखालच्या सात स्टेशनांतून गाड्या धावू लागल्या, मोटारींचा बोगदा २०२२ ला उघडला. सुरुवातीचा अंदाज पन्नास कोटी युरोंच्या आसपास होता, शेवटचा आकडा दीडशे कोटींच्या घरात गेला. अकरा वर्षं बाजारपेठ खणलेली. कित्येक दुकानदारांनी वाट बघून शटर ओढलं.

आज कायझरश्ट्रासेवर चालताना छान मोकळं वाटतं, खोटं कशाला बोलू. गाड्याही मधल्या भागात आता रांगेत अडकत नाहीत. पण पूर्वी फुटपाथवरून दोन पावलं टाकली की ट्राममध्ये. आता जिना, लिफ्ट, बोगदा. गुडघेदुखीच्या आजींना विचारा. खेड्यातल्या माणसाचा बदल वाचवण्यासाठी शहरातल्या माणसाला जिना मिळाला, असा माझा थोडा तिरकस हिशेब आहे. शिवाय बोगदा बांधून संपत नाही. सरकते जिने, लिफ्ट, पंखे, आगीची यंत्रणा, सगळं रोज चालवायचं, आणि त्याचा भार शहराच्या तिजोरीवर. तिकडे ड्रायव्हरांची टंचाई सगळ्या देशात आहेच. बोगदा आहे पण गाडी हाकायला माणूस नाही, अशी वेळ यायला नको.

इथे एक गोष्ट बोलून घेतो. त्या जनमतात मत कुणाला होतं? जर्मन नागरिकांना आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना. आपल्यासारख्यांना नाही, आजही नाही. जून २०२४ पासून पाच वर्षांत नागरिकत्व मिळू शकतं, जर्मनीची दुहेरी नागरिकत्वालाही हरकत नाही. पण भारताची आहे. निळा पासपोर्ट द्यायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं, हा प्रत्येकाच्या घरातला रात्रीच्या जेवणानंतरचा विषय आहे आणि त्यात मी कुणाला सल्ला देणार नाही. मात्र नव्या मार्गांचे, थांब्यांचे आराखडे लोकांपुढे ठेवतात तेव्हा हरकत नोंदवायला पासपोर्ट लागत नाही. कर भरणारे आपण, वापरणारे आपण. त्या सभेला मराठी माणूस मला अजून दिसलेला नाही. तिथे चहा नसतो हे कबूल.

आता मोठ्या मार्गांबद्दल दोन शब्द. कार्ल्सरूहेहून २००७ पासून पॅरिसला थेट वेगवान गाडी आहे, अडीच तासांच्या आसपास. फ्रँकफर्ट विमानतळ थेट गाडीनं साधारण तासाभरावर, म्हणून मुंबईला जाताना आपण तिकडूनच जातो. नावाला कार्ल्सरूहेचा स्वतःचा विमानतळही आहे, बाडन-बाडनजवळ, कॅनडाच्या सैन्यानं रिकामा केलेला तळ. पण ज्या शहरानं ट्राम ब्लॅक फॉरेस्टपर्यंत नेली, त्या शहराच्या विमानतळाला रूळ नाहीत! बसनं जा.

नकाशावर सगळं भक्कम दिसतं, पण दोन जागी धागा एकेरी आहे. पहिली जागा ऱ्हाइनवरचा माक्साऊचा पूल. पलीकडे व्योर्थला ट्रकचा प्रचंड कारखाना, रोज ऐंशी हजारांच्या आसपास वाहनं, आणि मोटारींसाठी पूल एकच. तो अडला तर उत्तरेला जर्मर्सहाइम गाठा नाहीतर दक्षिणेला राश्टाटकडे जा. दुसऱ्या पुलाची चर्चा कित्येक दशकं चालू आहे. तिकडचं राज्य वेगळं, इकडचं वेगळं, आणि मधे कोर्टकचेऱ्या. शेजारीच रेल्वेचा पूल आहे, त्यावरून ट्राम जाते, म्हणून व्योर्थची माणसं निदान पोचतात तरी.

दुसरी जागा राश्टाट. १२ ऑगस्ट २०१७. चालू रेल्वेमार्गाखालून नवा बोगदा खोदत होते. जमीन गोठवून टणक केली होती, तरी ती खचली आणि वरचे रूळ वाकले. ही काही गल्लीतली रेल्वे नव्हे. रॉटरडॅम ते जिनोआ हा युरोपच्या मालवाहतुकीचा कणा इथून जातो. ५१ दिवस सगळं बंद! खोदाईचं यंत्र बाहेर काढायला वेळ नव्हता, त्याच्यासकट बोगद्यात काँक्रीट ओतून मोकळे झाले. मालवाहतूक संघटनांनी करून घेतलेल्या अभ्यासात नुकसानीचा आकडा दोनशे कोटी युरोंच्या आसपास निघाला. प्रवाशांना राश्टाट ते बाडन-बाडन बसमधून नेत होते. म्हणजे पुन्हा उतरा, चढा, बॅगा उचला. पर्यायी मार्ग होते, पण कुठे विजेची तार नव्हती, कुठे फ्रेंच बोलणारा ड्रायव्हर नव्हता. बॅकअप आहे असं कागदावर लिहिलेलं असणं आणि बॅकअप चालणं यातला फरक आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी रात्री दोन वाजता पाहिलेला असतो.

व्याख्यानानंतर भारतातून आलेल्या एका काकांनी प्रश्न विचारला: "हे पुण्यात का होत नाही? मेट्रो तशीच पुढे लोणावळ्याच्या रुळांवर न्यायची." प्रश्न चांगला होता म्हणून उत्तर इथे देतो. भारतीय रेल्वेचं गेज १६७६ मिलिमीटर, पुणे मेट्रोचं १४३५. पहिल्या दोन मार्गांवर वीज तर रेल्वेसारखीच, २५,००० व्होल्ट एसी. म्हणजे कार्ल्सरूहेला जी अडचण सगळ्यात महाग पडली ती पुण्यात नाहीच, आणि जी इथे १८५५ सालीच मिटली ती तिथे कायमची बसलीय. दिल्लीत मेट्रो सुरू होताना हा वाद झाला होता. सुरुवातीचे मार्ग ब्रॉडगेज बांधले, नंतरचे मार्ग स्टँडर्ड गेजवर गेले. स्टँडर्ड गेजच्याही बाजूनं चांगली कारणं आहेत: जगभरात डबे सहज मिळतात, वळणं जास्त तीव्र घेता येतात. पण एकदा गेज ठरलं की थेट गाडीचं दार बंद. तेव्हा पुण्यात गाडी बदलावी लागणार, हे धरूनच चालायचं. मग बघायचं एवढंच की पुणे स्टेशनवर लोकलमधून उतरलेला माणूस मेट्रोच्या डब्यात किती मिनिटांत पोचतो, त्या वाटेवर छप्पर आहे का, लिफ्ट चालू आहे का, आणि दोन्हीला मिळून एक तिकीट चालतं का. यांतल्या कशालाच ट्रान्सफॉर्मर लागत नाही. काका म्हणाले, "लिफ्टचं मी परत गेलो की बघून कळवतो." त्यांच्या ई-मेलची वाट बघतोय.